वार्धक्य: घर आणि शुश्रूषा

वार्धक्यातील निवाऱ्याचा प्रश्न निघाला म्हणजे आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एकात आजी-आजोबा नातवंडांच्या घोळक्यात ओटीवर बसलेले असतात. दुसऱ्यात ते वृद्धाश्रमाच्या खाटेवर बसून फाटकाकडे डोळे लावून असतात. पहिले चित्र म्हणजे संस्कृती आणि दुसरे म्हणजे तिचा ऱ्हास, असे समीकरण मांडून आपण मोकळे होतो. नाटकांतून हेच चालते आणि शाळेतल्या मुलांच्या निबंधांतूनही हेच चालते. पण मालवणहून आचऱ्याकडे, किंवा खाली देवबागच्या टोकाकडे, कोणी भर दुपारी पायी हिंडून पाहील तर त्याला ही दोन्ही चित्रे क्वचितच भेटतील. त्याला दिसेल ते तिसरेच. चिऱ्याचे प्रशस्त घर, पुढे खळे, मागे माडांची बाग, आठांपैकी सहा खोल्यांना कुलूप, आणि उरलेल्या दोन खोल्यांत एकटी म्हातारी. घर आहे, अन्न आहे, पैसा अगदीच नाही असेही नाही. नाहीत ते हात.

आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढ्यावरच उभे आहे. म्हातारपणी कोठे राहावे, हा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारतो. वास्तविक आधी विचारावयाचे ते हे की, कोणते काम आपल्या हातून होईनासे झाले आहे आणि ते आता कोण करणार. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले की पहिल्याचे पुष्कळदा आपोआप सापडते.

आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. २००१ च्या जनगणनेत त्याची वस्ती ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. सारा देश वाढत असताना येथे दहा वर्षांत एकोणीस हजार माणसे कमी झाली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हा त्याच जनगणनेतला दुसरा आकडा. ह्या दोन आकड्यांचा अर्थ सांगावयास कोणी पंडित नको. कर्ता माणूस मुंबईला जातो, ही आपल्याकडची शंभर-सव्वाशे वर्षांची रीत आहे. गिरणगावात गावाची म्हणून एक खोली असे, तिच्यात वीस-वीस माणसे पाळीने झोपत, आणि महिन्याकाठी पोस्टमन मनीऑर्डर घेऊन गावात येई. त्या मनीऑर्डरीचे गुणगान आपण पुष्कळ केले. पण मनीऑर्डरीने सासऱ्याचे अंथरूण कधी बदलले नाही. ते बदलले गावात मागे राहिलेल्या सुनेने. नवरा परळला, सून गावी, आणि तिच्या वाट्याला शेत, गुरे, मुले व दोन म्हातारी माणसे. एकत्र कुटुंबाच्या नावाने आपण जिचे गोडवे गातो ती व्यवस्था खरे पाहता एका बाईच्या बिनपगारी कष्टांवर चालली होती.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ती दुनियाच उठली. काही कामगार गावी परतले ते आज स्वतःच वृद्ध आहेत. त्यांची मुले मात्र विरार, डोंबिवली, पुणे, गोवा, आखात अशी पांगली, आणि ह्या वेळी सूनही बरोबर गेली. तिने जावे हे योग्यच झाले. तिला दोष देणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू की, तिच्या जागी आपली लेक असती तर तिला आपण गावात ठेवले असते काय? तेव्हा गेलेली सून परत आणण्याच्या गोष्टी सोडून, तिने रिकामी केलेली जागा कोणत्या उपायाने भरावयाची हे पाहिले पाहिजे.

किनाऱ्यावरच्या जुन्या व्यवहारात म्हाताऱ्या माणसासाठी एक सोय होती, तिचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ती म्हणजे रापण. होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळाने समुद्रात फिरते आणि किनाऱ्यावर दोन बाजूंनी माणसे दोर ओढतात. ज्याला आता होडीत बसवत नाही असा म्हातारा दोरीला हात लावी आणि दिवसाचे कालवण घरी नेई. त्याला कोणी दान देत नव्हते. तो आपला वाटा घेई. पुढे यांत्रिक नौका आल्या, पर्ससीन जाळी आली, आणि रापणीच्या हाती मासळीच कमी लागू लागली. त्याबरोबर वृद्धाच्या हाताला असलेली ती किंमतही गेली. म्हातारपणीची सोय आणि म्हातारपणीचा मान ह्या दोन गोष्टी एकाच दोरीने कशा बांधता येतात, हे रापणीइतके स्पष्ट आम्हांला दुसरीकडे दिसले नाही. असो.

आता 'हातून होईनासे झालेले काम' म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांचे निरीक्षण करून १९६३ मध्ये एक मोजमाप प्रसिद्ध केले. ते आजही जगभर वापरतात, आणि ते समजावयास वैद्यकीचे शिक्षण लागत नाही. सहा साध्या क्रिया घ्यावयाच्या: स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा, आणि आपल्या हाताने जेवणे. कॅट्झ यांना असे आढळले की, ह्या क्रिया वाटेल त्या क्रमाने जात नाहीत. बहुधा स्नान आधी जाते आणि जेवण सर्वांत शेवटी. लहान मूल ज्या क्रमाने हे शिकते, जवळजवळ त्याच्या उलट क्रमाने म्हातारे माणूस ते विसरते.

ह्या क्रमात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जिला एकटीने स्नान करावयाची भीती वाटते, पण बाकीच्या पाचही गोष्टी जमतात, अशा वृद्धेला वृद्धाश्रम नको आणि मुंबईही नको. तिला सकाळचे दोन तास कोणीतरी हवे आहे. पाणी काढून द्यावयास, पाठ चोळावयास, गोळ्या वेळेवर घेतल्या की नाही पाहावयास, आणि चार शब्द बोलावयास. प्रत्यक्षात काय होते? ती न्हाणीत घसरते, खुब्याचे हाड मोडते, मुलगा रात्रीच्या गाडीने धावत येतो आणि आठ दिवसांत घराला कुलूप लावून आईला घेऊन जातो. दोन तासांची गरज वेळीच भागली नाही म्हणून चोवीस तासांची गरज उभी राहते. वार्धक्यातील पुष्कळ स्थलांतरे ह्या एकाच वाटेने होतात.

म्हणून पहिला खर्च घरावर करावा, आणि तो फार नसतो. आपल्या घरांची रचना धडधाकट माणसांसाठी झालेली आहे. जांभ्याच्या पायऱ्यांवर मिरगापासून शेवाळ धरते. संडास परसात, तोही दोन पायऱ्या उतरून. उंबरठे उंच. विहिरीचा कठडा कित्येक ठिकाणी गुडघ्याएवढा, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला भ्रम होऊन ते रात्री घराबाहेर पडते त्याला ह्या विहिरीचे भय सर्वांत अधिक. एक खोली, तिला लागून कमोडचा संडास व न्हाणी, भिंतीला पकडावयास दांडा, खरखरीत फरशी, रात्रभर जळणारा दिवा, आणि वीज गेली तर चालेल असा दुसरा दिवा, एवढे आधी करावे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही बंद पडले होते, हे येथे बसलेल्यांना नव्याने सांगावयास नको. मुंबईहून चतुर्थीला येणारे चिरंजीव ओटीला चकचकीत फरशी बसवून जातात. ती फरशी पावसाच्या ओल्या पायांनी म्हाताऱ्या आईला कशी लागते ह्याचा विचार त्यांनी केलेला नसतो. सामायिक घर असेल तर दुरुस्तीला भाऊबंदांची संमती मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण न्हाणीत दांडा बसविण्याच्या आड सात-बाऱ्यावरचे कोणी येते असे आम्हांला वाटत नाही.

तारकर्ली-देवबागच्या बाजूला आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. पर्यटक आले, पैसा आला, घरातल्या खोल्या भाड्याने गेल्या. हे चांगलेच झाले. त्या पैशाने कित्येक मुले गावात राहिली. परंतु समुद्राकडची खोली पाहुण्याला आणि आजी मागच्या मांगरात, असे जेथे झाले तेथे हिशेबात काहीतरी चुकले आहे. ज्या घराला खोल्यांचे भाडे मिळते त्या घराने त्यातले थोडे आजीच्या मदतनीस बाईच्या पगारासाठी बाजूला काढावे, हे आम्हांला साधे अर्थशास्त्र वाटते.

ही मदतनीस बाई आणावयाची कोठून? हा खरा अवघड भाग. शहरात अशी माणसे पुरविणाऱ्या संस्था आहेत. खेड्यापाड्यांत ओळखीनेच शोधावे लागते. शेजारची बाई 'जरा येऊन जाईन' म्हणते, आणि पगार, वेळ, सुट्टी काहीच न ठरल्यामुळे दोन महिन्यांत दोन्हीकडे कुरबुर सुरू होते. आमचे मत असे आहे की, एकाच वाडीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक बाई नेमावी. सकाळी एका घरी, मग दुसऱ्या, असा तिचा दिवस भरतो, तिला पोटापुरता पगार मिळतो, आणि कोणा एका घरावर सारा भार पडत नाही. महिला बचत गटांनी हे काम अंगावर घेतले तर त्याला शिस्तही येईल. रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे, उचलताना आपली कंबर कशी सांभाळावी, ह्या शिकावयाच्या गोष्टी आहेत. मायेने त्या आपोआप येत नाहीत.

केरळचा दाखला येथे मुद्दाम देतो, कारण तो प्रांत आपल्यासारखाच किनाऱ्याचा, आणि तिथलीही तरुण माणसे मोठ्या संख्येने आखातात गेलेली. १९९३ मध्ये कोझिकोड येथे काही डॉक्टरांनी असाध्य रुग्णांच्या वेदना कमी करण्यासाठी एक संस्था काढली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्या कामात आले, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने ह्या शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे धोरण ठरविणारे ते देशातले पहिले राज्य. त्यातली आम्हांला भावलेली गोष्ट एकच. तेथे परिचारिका रुग्णाच्या घरी जाते, आणि तिला पाठविण्याची व्यवस्था ग्रामपंचायत पाहते. आपल्याकडे पंचायत दिवाबत्ती आणि रस्ते पाहते. अंथरुणाला खिळलेला माणूस हा तिच्या दप्तरातला विषय होत नाही. जपानने तर २००० सालापासून शुश्रूषेचा विमाच सक्तीचा केला आहे. चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने हप्ता भरावयाचा, आणि वृद्धापकाळी मदतनीस लागला तर खर्चाचा मोठा भाग त्या निधीतून. आपल्या देशात २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील सर्वांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. तिचे स्वागतच आहे. मात्र ती रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे; रुग्णालयातून घरी आल्यावर स्नान कोण घालणार, हे तीत येत नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन २०२३ मध्ये महिन्याला १,५०० रुपये झाले. तथापि ते मिळावयास कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते ही अट तेव्हाही तशीच राहिली. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यावर जगणारा माणूस मदतनीस काय ठेवणार?

घरी राहून भागत नाही अशीही वेळ येते. कोणी पाठीमागे नाही, बुद्धिभ्रंश झाला आहे, किंवा रात्रंदिवस माणूस लागतो. तेव्हा वृद्धाश्रमाचा विचार करण्यात लाज कसली? महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अपंग व निराधार वृद्धांसाठी निघालेले घर, जे पुढे 'निवारा' म्हणून ओळखले गेले, ते १८६० च्या दशकातले. शेजारच्या गोव्यात 'प्रोवेदोरिया' ही सरकारी संस्था पोर्तुगीज अमदानीपासून वृद्धांची घरे चालवीत आली आहे. आपल्या जिल्ह्यात पणदूरचा संविता आश्रम रस्त्यावर सापडलेल्या निराधारांना आणि मनोरुग्णांनाही आसरा देतो; अणावला आनंदाश्रय आणि असलद्याला दिविजा वृद्धाश्रम आहे. २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निर्धन वृद्धांची सोय होईल असे एक तरी घर काढण्याचे कलम आहे. परंतु त्यातले क्रियापद 'काढील' असे नसून 'काढू शकेल' असे आहे, आणि ह्या एका क्रियापदाने सरकारला पुष्कळ सवड मिळाली.

वृद्धाश्रम निवडताना इमारत आणि बगीचा पाहून भुलू नये. जेवणाच्या वेळी न कळविता जावे. रात्री कामावर किती माणसे असतात ते विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आज चालता-फिरता असलेला माणूस उद्या अंथरुणाला खिळला तर त्याला ठेवून घेतील की घरी न्या म्हणतील, हे आधी विचारून लिहून घ्यावे. कित्येक ठिकाणी स्वतःचे स्वतः करणाऱ्यालाच प्रवेश असतो. नातेवाइकांना हे कळते ते नेमके वाईट वेळी. अनामत रक्कम परत केव्हा मिळते, दुखणे आले तर कोणत्या रुग्णालयात नेतात, हेही त्याच कागदावर असावे. पुण्यात 'अथश्री'सारखी ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुले आहेत. महारेराने २०२४ मध्ये अशा बांधकामांसाठी लिफ्ट, पकडदांडे, न घसरणारी फरशी यांसारखे नियमही घालून दिले. मुंबईत आयुष्य काढलेल्या, निवृत्तिवेतन असलेल्या जोडप्याला ती सोयीची पडतात. ज्याने जन्मभर खळ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारली त्याला ती मानवतील असे नाही. मुलाच्या डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरही त्याचे तेच होते. चार महिन्यांत तो म्हणू लागतो, "माका गावाक न्हेऊन सोड." हा हट्ट नसतो. गावात त्याला वीस माणसे नावाने ओळखतात आणि तिथे एकही नाही, हा साधा हिशेब तो सांगत असतो.

आता कागदपत्रांविषयी, कारण ह्या किनाऱ्यावर जमिनीला भाव आल्यापासून म्हाताऱ्या माणसाच्या सहीलाही भाव आला आहे. विधवा आईचा पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा असतो, आणि वडिलोपार्जित मिळकतीतल्या पतीच्या हिश्शातही तिला वाटा मिळतो. पण तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, "नुसता कागद आहे" असे सांगून. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच घटकेला जाते. मृत्युपत्राने ती आपल्या मागेच जाते आणि ते हयातीत केव्हाही बदलता येते. हा फरक जिला समजला ती आपल्या घरात शेवटपर्यंत मालकीण म्हणून राहील. द्यावयाचेच असेल तर माझा सांभाळ करीन अशी अट त्या कागदातच लिहून घ्यावी. २००७ च्या कायद्याचे २३ वे कलम असे सांगते की, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न केल्यास, परत मिळू शकते. ही अट मुळात होती हे दाखवावे लागते असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द केले आणि हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले. तरीही अट लिहिलेली बरी.

मुले पोसत नसतील तर त्याच कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. नोटीस लागू झाल्यापासून नव्वद दिवसांत, फार तर आणखी तीस दिवसांत, निकाल व्हावा असे कायदा म्हणतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. लेकीवरही ही जबाबदारी आहे; लग्न झालेली मुलगीसुद्धा त्यातून सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, पोटगीच्या जुन्या कायद्याखाली, ठरविले होते. मूलबाळ नसेल तर ज्याच्याकडे मिळकत जाणार त्या नातेवाइकाने सांभाळावे. सल्ला हवा असेल तर १४५६७ हा वृद्धांसाठीचा फोन विनामूल्य आहे. अर्ज करावयास आपली माणसे धजत नाहीत हे आम्ही जाणतो. गावात तोंड दाखवावयाचे असते. परंतु अर्ज करता येतो एवढे मुलाला ठाऊक असले तरी पुष्कळ वेळा पुरते.

हे सारे ठरवावयाचे कधी? आईचे हात अजून चालताहेत तेव्हा, आणि तिला विचारून. कोकणात त्याला सोयीचा मुहूर्त एकच, चतुर्थीचा, कारण तेव्हा मुंबई, पुणे, गोवा सगळीकडची भावंडे एका छपराखाली असतात. आरती झाल्यावर एका संध्याकाळी माजघरात बसावे. घराची दुसरी किल्ली कोणाकडे, रात्री फोन आला तर सर्वांत आधी कोण निघणार, बाईच्या पगारात कोणी किती घालावयाचे, मृत्युपत्र कोठे ठेवले आहे, आणि आईला स्वतःला काय हवे आहे, हे कागदावर उतरवून घ्यावे. गौरी-गणपती पोहोचले की दुसऱ्या दिवसापासून गाड्या भरू लागतात. तेव्हा ह्या बैठकीला हाती दिवस असतात ते चार-पाचच.